खुणेचें झाड

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं परदेशांत वाढलेलीं दोन भाचरें आठ दिवस राहावयास आलीं होतीं. थोरला तेरा वर्षांचा, धाकटी दहाची. चंद्रपुरांत त्यांना काय दाखवावें याची यादी आम्हीं आधींच करून ठेविली होती: गोंड राजांचा परकोट, अंचलेश्वराचें देऊळ, महाकाली, आणि अर्थात् ताडोबा. परंतु मुलांनीं पहिल्याच दिवशीं विचारलें तें भलतेंच. “मामा, इथल्या बागेंत आठवणीचीं झाडें कुठें आहेत?” प्रश्नाचा अर्थ प्रथम आमच्या ध्यानांत आला नाहीं. मग थोरल्यानें तो उलगडून सांगितला.

त्यांच्या गांवीं एक सार्वजनिक बाग आहे. गांवांतील कोणी दिवंगत झालें, कोणी मोठी कामगिरी केली, किंवा एखाद्या घटनेला पन्नास-शंभर वर्षें पुरीं झालीं, कीं त्या निमित्तानें बागेंत एक झाड लावावयाचें व त्याच्या पायथ्याशीं नांव आणि साल कोरलेली लहानशी पाटी बसवावयाची, अशी तेथील रीत. या झाडांभोंवतीं कोणा हौशी मंडळींनीं एक कोडें रचलें. पहिल्या झाडाच्या पाटीवरील सालाचा शेवटचा अंक घ्यावा. दुसऱ्या पाटीवरील नांवाचीं अक्षरें मोजावीं. तिसरें झाड कोणत्या जातीचें तें पानांवरून ओळखावें. आणि अशा रीतीनें जमलेले अंक अक्षांश-रेखांशांच्या रिकाम्या जागीं भरावे. मग हातांतील मोबाइल ज्या जागेकडे नेईल तेथें, एखाद्या बांकाखालीं अथवा कुंपणाच्या खांबाशीं, एक डबी सांपडते. डबींत एक वही असते. वहींत आपलें नांव व तारीख लिहावयाची आणि डबी होती तशी परत ठेवावयाची. बक्षीस कांहीं नाहीं. मुलांनीं हें इतक्या उत्साहानें सांगितलें, कीं बक्षिसाची उणीव त्यांस कधीं भासलीच नसावी असें वाटलें.

आम्हीं कौतुक केलें, पण उत्तर देतां येईना. तशी बाग आम्हांस आठवेना हें एक असो. परंतु वनांविषयीं ज्यांची ख्याति आहे अशा या दोन जिल्ह्यांत जन्म घालविलेल्या माणसास आठवणीचें एक झाड चटकन दाखवितां येऊं नये, ही गोष्ट मनाला लागली. मग आम्ही स्वतःशींच विचार करूं लागलों, आणि जसजसा विचार करीत गेलों तसतसें दिसूं लागलें कीं आठवणीचीं झाडें आपल्याकडे नाहींत असें नाहीं. तीं आहेत, मात्र त्यांस पाट्या नाहींत. पाटी नसतां झाड आठवण कशी सांभाळतें, हा या लेखाचा विषय आहे.

मुलांच्या या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. आपण त्यास खूणशोध म्हणूं. ज्याची जन्मतारीख निश्चित ठाऊक आहे असे खेळ विरळाच. हा त्यांपैकीं एक आहे. अमेरिकेनें आकाशांत सोडलेल्या दिशादर्शक उपग्रहांचे संकेत सामान्य माणसाच्या यंत्राला पूर्वीं मिळत, पण ते मुद्दाम बिघडवून दिलेले असत. त्यामुळें जागा दाखविण्यांत शंभर मीटरांपर्यंत चूक होई. १ मे २००० च्या मध्यरात्रीं हा बिघाड काढून टाकण्यांत आला आणि चूक दहा-वीस मीटरांवर आली. लागलीच ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांत पोर्टलंड शहराजवळच्या रानांत डेव्ह अल्मर नांवाच्या गृहस्थानें एक बादली दडवून ठेविली, तींत वही आणि कांहीं किरकोळ वस्तु घातल्या, व त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. थोड्याच दिवसांत ती बादली लोकांना सांपडली आणि खेळ सुरू झाला. कल्पना मात्र याहून जुनी आहे. इंग्लंडांत डार्टमूरच्या ओसाड माळावर जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें १८५४ सालींच क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागीं एक बरणी ठेविली होती. जो कोणी तेथवर पोंचेल त्यानें आपल्या नांवाची चिठ्ठी तींत टाकून यावें, एवढाच तिचा हेतु. शंभर मीटरांच्या चुकींत आलापल्लीच्या रानांतलीं शेंकडों सागाचीं झाडें मावतील. दहा मीटरांत मात्र नेमकें झाड हातीं लागण्याचा संभव असतो. उपग्रहांनीं जें केलें तें एवढेंच.

अक्षांश-रेखांशांची ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाहीं. १८०२ सालीं मद्रासेजवळ पायारेषा आंखून विल्यम लॅम्बटन यांनीं भरतभूमीच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला. डोंगरामागून डोंगर, मनोऱ्यामागून मनोरा असें करीत ती मोजणी वीस वर्षें उत्तरेकडे सरकत राहिली. हैदराबादेहून नागपुराकडे जात असतां २० जानेवारी १८२३ रोजीं हिंगणघाट येथें लॅम्बटन वारले, आणि त्यांची कबर तेथेंच आहे. आज एखादें मूल मोबाइल उघडून चंद्रपूर हें सुमारें १९ अंश ५७ कला उत्तर व ७९ अंश १८ कला पूर्व येथें आहे असें सहज सांगतें. त्या सांगण्यापाठीमागें शेजारच्या गांवीं संपलेलें एक सारें आयुष्य आहे, हें त्यास सांगणें वडिलांचें काम होय.

चांद्याची तर उत्पत्तिकथाच मुळीं एका मागाच्या शोधाची आहे. खांडक्या बल्लाळशाह राजा शिकारीस निघाला असतां त्याच्या कुत्र्यामागें एक ससा लागला. कुत्र्यानें सशाचा पाठलाग करावा हा जगाचा नियम. येथें ससा कुत्र्याला वाटोळा फिरवूं लागला. त्या सशाच्या कपाळीं चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राजानें घरीं येऊन हा प्रकार राणीस सांगितला. ती शहाणी होती. ज्या वाटेनें ही धांव झाली त्याच वाटेवर कोट बांधून आंत शहर वसवावें, असा सल्ला तिनें दिला. आणि सशा-कुत्र्याच्या पावलांचा माग काढीत परकोटाची रेघ आंखली गेली, असें परंपरा सांगते. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशींतून आजही गांवाचें येणेंजाणें चालतें. कथा खरी कीं खोटी याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. भिंत दगडाची असली तरी तिला अर्थ आला तो माग काढणाऱ्यांमुळें, एवढें ती सांगते.

झाडाला खूण करण्याची आणि खुणेपाशीं कांहीं दडविण्याची चाल आपल्याकडे किती जुनी आहे हें पाहावयाचें असेल तर मनुस्मृतीचा आठवा अध्याय काढून पाहावा. दोन गांवांमध्यें सीमेचा वाद पडला तर काय करावें हा तेथील विषय. सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर, साल, ताड आणि चीक असलेलीं झाडें लावावीं, असें स्मृतिकार सांगतात. हीं उघड खुणेचीं झाडें. परंतु झाड तोडतां येतें, पेटवितां येतें, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून सीमेच्या सांध्यांवर जमिनीखालीं गुप्त खुणाही पुराव्या असें ते सांगतात: दगड, हाडें, गाईचे केस, कोंडा, राख, खापऱ्या, वाळलेलें शेण, विटा, कोळसे, खडे, वाळू. भूमीला ज्या वस्तु लवकर पचत नाहींत अशा या वस्तु निवडल्या आहेत. वर झाड, खालीं ठेवा, असा हा खूणशोधच झाला. फरक एवढाच कीं मुलांचा खेळ करमणुकीचा, आणि हा खेळ पोटापाण्याचा. वादाचा निकाल ज्येष्ठ महिन्यांत करावा असेंही तेथें म्हटलें आहे, कारण तेव्हां गवत वाळून गेलेलें असतें व खुणा स्पष्ट दिसतात.

आणि खुणांनींही निकाल लागला नाहीं तर? मग साक्षीदार बोलवावे. त्यांनीं तांबडीं वस्त्रें नेसून, माळा घालून, डोक्यावर माती घेऊन खरें सांगावें. शेजारच्या गांवचे जाणते लोक न मिळाले तर राजानें कोणास विचारावें, याची जी यादी पुढें येते ती वाचून आमच्यासारख्या वनप्रदेशांत राहणाऱ्यास थांबावेंसें वाटतें. पारधी, पांखरें धरणारे, गुराखी, कोळी, कंदमुळें खणणारे, साप धरणारे, शेतांत पडलेले दाणे वेंचणारे, आणि इतर वनांत हिंडणारे लोक: यांस विचारावें, असें तेथें आहे. ज्या ग्रंथांत अशा लोकांना समाजांत वरचें स्थान क्वचितच दिलेलें आहे, त्याच ग्रंथास सीमेच्या प्रश्नीं त्यांच्याच शब्दाचा आधार घ्यावा लागला. कारण उघड आहे. पाटी खोटी लिहितां येते, झाड पाडतां येतें, पुरलेलें उकरतां येतें. त्या वाटेनें रोज जाणाऱ्याची आठवण मात्र सहजासहजीं पुसतां येत नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत हीच गोष्ट निराळ्या रीतीनें घडली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी अंमलाखालीं जंगलें राखीव झालीं. सीमेवर दगडी मुनारे उभे राहिले आणि तोडीच्या झाडांवर हातोड्याचा शिक्का बसूं लागला. झाडावर खूण करणें हें त्यानंतर बहुधा तें विकावयाचें आहे असें सांगणें झालें. वनांत हिंडणाऱ्यांची साक्ष कोणी विचारीनासें झालें. ती पुन्हां विचारली गेली ती २००६ सालच्या वनहक्क कायद्यानें. त्या कायद्याखालीं २००८ मध्यें जे नियम झाले त्यांत वडीलधाऱ्या माणसांचें लिहून घेतलेलें कथन आणि पवित्र स्थानें, विहिरी, दफनभूमि यांसारख्या जागेवरील खुणा हा पुरावा मानला आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीस याच कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क अगदीं आरंभीं मिळालेल्या गांवांत त्याची गणना होते. उघड खूण, गुप्त खूण आणि साक्षीदार, ही स्मृतिकारांची तिहेरी योजना अशा रीतीनें पुन्हां उपयोगास आली.

आतां आठवणीच्या झाडांकडे वळूं. ताडोबाचें नांव आज वाघांसाठीं जगभर पोंचलें आहे. १९५५ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं लगतचें अंधारी अभयारण्य झालें आणि १९९५ मध्यें दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पण तळ्याच्या कांठीं एका थोर वृक्षाखालीं जें लहानसें देवस्थान आहे त्याकडे गाडींतून जाणाऱ्यांचें लक्ष क्वचितच जातें. तारू नांवाचा गांवप्रमुख वाघाशीं झुंजतांना मारला गेला, लोकांनीं त्यास देव मानलें, आणि त्यावरून तळ्यास व रानास नांव पडलें, असें परंपरा सांगते. म्हणजे ज्याला आपण वाघाचें रान म्हणतों तें मूळचें वाघाकडून मेलेल्या एका माणसाचें स्मारक आहे. तेथें पाटी नव्हती. पौषांतली यात्रा होती. गोंड समाजांत ऐन वृक्षास, ज्याला ते साजा म्हणतात, मोठ्या देवाचें स्थान मानतात. त्या झाडालाही कोणी पाटी ठोकीत नाहीं, आणि तरी त्याखालून जातांना वागावें कसें हें लहान मुलासही ठाऊक असतें.

तथापि आठवणीच्या झाडाचें खरें महत्त्व ज्यावरून कळावें तें झाड चंद्रपूर शहरांतच आहे. तें जिल्हा कारागृहाच्या आवारांत आहे, आणि तें पिंपळाचें आहे.

मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा. उत्तर हिंदुस्थानांतील उठाव मोडत आला असतां १८५८ च्या मार्चमध्यें त्यांनीं गोंड, माडिया, रोहिले अशी सुमारें पांचशें माणसांची फौज जमवून राजगड परगणा ताब्यांत घेतला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. १३ मार्च रोजीं नांदगांव-घोसरी येथें व पुढें गढीसुर्ल्याच्या डोंगराशीं इंग्रजी फौजेशीं त्यांच्या लढाया झाल्या. २९ एप्रिलच्या रात्रीं प्राणहितेच्या बाजूस चिंचगोंडी येथें तारायंत्राच्या कामावरील गोऱ्या लोकांच्या छावणीवर हल्ला झाला. त्यांत गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले आणि पीटर नांवाचा तिसरा पळून गेला. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं समोरासमोर जें साधेना तें अन्य उपायानें साधलें. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणून त्यांच्याकरवीं १८ सप्टेंबर रोजीं बाबूरावांस पकडविण्यांत आलें, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं चांद्याच्या तुरुंगांत त्यांना फांशी देण्यांत आली. तेव्हां त्यांचें वय पंचवीस वर्षांचें होतें. ज्या पिंपळावर ही फांशी दिली गेली असें सांगतात तो कारागृहाच्या भिंतीच्या आंत आहे.

या सहा-सात महिन्यांचा जो लेखी वृत्तान्त उपलब्ध आहे तो मुख्यतः फांशी देणाऱ्यांच्या बाजूचा आहे. लढायांच्या तारखा, मेलेल्या गोऱ्या नोकरांचीं नांवें, लक्ष्मीबाईंस बक्षीस म्हणून मिळालेलीं गांवें, सर्व त्यांत सांपडतें. बाबूरावांबरोबर लढलेल्या त्या पांचशें माणसांपैकीं बहुतेकांचीं नांवें त्यांत नाहींत. जे लिहीत नसत त्यांनीं आपला वृत्तान्त कोठें ठेवावा? त्यांनीं तो गाण्यांत ठेविला, आणि त्या पिंपळापाशीं ठेविला. दर वर्षीं २१ ऑक्टोबरला त्या झाडाशीं अभिवादन होतें, दूरदूरच्या गांवांहून आदिवासी मंडळी येतात. भारतीय टपाल खात्यानें बाबूरावांचें तिकीट काढलें तें १२ मार्च २००९ रोजीं, म्हणजे फांशीनंतर दीडशें वर्षांनीं. तोंपर्यंतची आठवण वाहिली ती तिकिटानें नव्हे, ग्रंथानेंही फारशी नव्हे. ती लोकांनीं वाहिली, आणि झाडानें त्यांना पत्ता पुरविला. लपविलेल्या डबीपर्यंत पोंचणें कठीण असावें असा खूणशोधाचा दंडक आहे. येथें तर खुणेचें झाडच तुरुंगाच्या भिंतीआड होतें, आणि तरी तें हरवलें नाहीं.

अशीं झाडें अन्यत्रही आहेत. उत्तर प्रदेशांत फत्तेपूर जिल्ह्यांत खजुव्याजवळ एक चिंच आहे. तिच्यावर २८ एप्रिल १८५८ रोजीं जोधासिंह अटैया व त्यांचे साथीदार अशा ५२ जणांना फांशी देण्यांत आली. त्या झाडाचें नांवच बावनी इमली. पाटी कोणी काढून नेली तरी संख्या नांवांत राहिली आहे. पण झाड मेलें तर? या प्रश्नाचें उत्तर बुद्धगयेस मिळतें. तेथील जुना बोधिवृक्ष १८७६ सालीं वादळांत कोसळला. पुढें १८८१ सालीं अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं त्याच जागीं नवें रोप लावलें. सिंहलद्वीपांत अनुराधपूर येथें त्याची फांदी दोन हजार वर्षांपूर्वींच गेलेली होती. आज बुद्धगयेस जाऊन हात जोडणाऱ्या माणसास लांकूड तेंच आहे काय असा प्रश्न पडत नाहीं, आणि पडूंही नये. आठवणीचें झाड लांकडानें अखंड नसतें. त्यास पाणी घालणाऱ्यांच्या परंपरेनें अखंड असतें. चंद्रपुरांत १६ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं लक्षावधि लोकांना धम्मदीक्षा दिली. तो दिवस आणि बाबूरावांचा दिवस यांत अवघें पांच दिवसांचें अंतर आहे. एकाच आठवड्यांत पिंपळ या शहरास दोन प्रकारें आठवतो: एकदां फांशीचा म्हणून, एकदां बोधीचा म्हणून.

याच्या उलट बाजू पाहावी. २०१६ सालीं राज्यांत दोन कोटि झाडें लावण्याचा संकल्प झाला, पुढील वर्षीं चार कोटींचा, मग तेरा कोटींचा, आणि २०१९ सालीं तेहतीस कोटींचा. झाडें लावणें हें पुण्यकर्मच होय, त्याविषयीं वाद नाहीं. परंतु कोटींच्या हिशेबांत एकेका झाडाला भेट कोण देणार? लावणाऱ्याचें नांव पाटीवर राहील, आणि चार पावसाळ्यांनीं पाटीही गंजेल. ज्या झाडाकडे कोणी पुन्हां जात नाहीं तें वन वाढवील, सांवली देईल, हवा शुद्ध करील. आठवण मात्र ठेवूं शकणार नाहीं. आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ म्हणून सुमारें सहा हेक्टरांचा जुन्या सागवानाचा एक तुकडा राखून ठेविलेला आहे. २०१४ सालीं त्यास जैविक वारसास्थळ म्हणून मान्यता मिळाली. कुऱ्हाड लागण्यापूर्वीं हें सारें रान कसें होतें त्याचा तो पुरावा आहे. त्याचें मोल सहा हेक्टरांवरून ठरत नाहीं. तेथें जाऊन, मान वर करून शेंडा शोधणाऱ्यांवरून ठरतें. वरोऱ्याच्या आनंदवनांत बाबा आमटे यांचा देह २००८ सालीं दहन न करतां मातीला दिला, त्या ठिकाणींही झाडेंच आहेत. आणि तेथें जाणाऱ्यास ती माती पाटी वाचण्यापूर्वींच आपलें म्हणणें सांगते.

तात्पर्य, झाड आठवण ठेवीत नाहीं. झाडाकडे जाणारी वाट आठवण ठेवते. मुलांच्या खूणशोधाचें मर्म आम्हांस येथें सांपडलें. त्या परक्या बागेंतील पाट्या वर्षानुवर्षें तशाच असतील, लोक त्यांच्यावरून फिरावयास जात असतील. पण कोडें रचणारानें मुलांना एकेका पाटीपाशीं वांकावयास लाविलें, अक्षरें मोजावयास लाविलीं, पानें ओळखावयास लाविलीं. जें नुसतें वाचून कोणी वाचलें नसतें, तें शोधावें लागलें म्हणून वाचलें गेलें.

असा खेळ आपल्याकडील कुटुंबांनीं खेळावयास हरकत नाहीं, मात्र कांहीं मर्यादा पाळाव्या. झाडाला खिळा मारूं नये. जमीन उकरूं नये. खुद्द त्या खेळाचाही तसाच नियम आहे. बागेंत डबी ठेवावयाची तर बागेची व्यवस्था पाहणाऱ्यांची संमति घ्यावी. वाघांच्या रानांत डबी ठेवावयास जाऊं नये, आणि तुरुंगाच्या भिंतीशीं तर मुळींच नाहीं. तेथें खूण तारखेंत शोधावी. वेशी किती, सशाच्या कपाळीं काय होतें, कोणत्या महिन्यांत सीमा पाहावी, पिंपळाला कोणती तारीख आठवते, असे प्रश्न करून शेवटची डबी घरच्या अंगणांत किंवा मोहल्ल्याच्या बागेंत ठेवावी. आणि डबींतल्या वहींत केवळ नांव लिहून थांबूं नये. त्या झाडाविषयीं वडीलधाऱ्या एका माणसानें जें सांगितलें तें एका ओळींत लिहावें. म्हणजे वही ही साक्षीदाराची जबानी होईल.

२०२५ सालचें लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलें होतें. त्या दिवशीं सकाळीं आम्ही मुलांना घेऊन कारागृहाच्या रस्त्यानें गेलों आणि बाबूरावांची हकीकत त्यांस सांगितली. “झाड कुठें आहे?” धाकटीनें विचारलें. भिंतीच्या आंत आहे असें सांगितलें. “मग पाटी कशी वाचायची?” आम्ही म्हणालों, आतां जी गोष्ट ऐकलीस तीच पाटी. तिचें समाधान झालें कीं नाहीं हें कळलें नाहीं, पण घरीं आल्यावर तिनें आपल्या वहींत तारीख लिहून घेतली, आणि मग अंगणांतल्या कडुनिंबाकडे बोट दाखवून विचारलें, “आणि हें कोणाचें?”

आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या निंबाखालीं आमचें बाळपण गेलें, पण तो कोणी व कां लाविला हें आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें. आमच्या आत्याबाई नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांस त्याच संध्याकाळीं दूरध्वनि केला. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “अरे, तो आईनं लावला. माझ्या पाठचा एक भाऊ होता, दीड वर्षाचा होऊन गेला. त्याचा आहे तो.” त्या भावाचें नांव आमच्या घरांत त्यापूर्वीं कोणाच्याही तोंडून आम्हीं ऐकलें नव्हतें. धाकटीनें तें विचारून घेतलें आणि वहींत लिहिलें. झाडाला पाटी आम्हीं अजून लाविलेली नाहीं. मुलें पुन्हां येतील तेव्हां त्यांनीं तें शोधावें अशी आमची इच्छा आहे.